मॉडेलमधला उष्णकटिबंधीय समुद्र गार का, गरम का? उथळ कन्व्हेक्शनचा हात शोधण्याची पद्धत

हवामान मॉडेलच्या समुद्रपृष्ठ तापमानातून (पुढे नुसतं एसएसटी) निरीक्षणं वजा केली की बहुतेक मॉडेलांत ओळखीचे डाग दिसतात. पॅसिफिकच्या विषुववृत्तावर गार पाण्याची जीभ पश्चिमेकडे नको तितकी लांब गेलेली असते. पेरू आणि नामिबियाच्या किनाऱ्यालगतचं पाणी काही अंशांनी जास्त गरम असतं. विषुववृत्ताच्या दक्षिणेला, मध्य आणि पूर्व पॅसिफिकवर, पावसाचा एक जादा पट्टा उभा राहतो आणि त्याखालचं पाणीही तापलेलं असतं. याला 'डबल आयटीसीझेड' म्हणतात (आयटीसीझेड म्हणजे विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा).

डाग समुद्रात दिसतो म्हणून लगेच समुद्राच्या मॉडेलचे पॅरामीटर फिरवायला घेऊ नका. यातला मोठा वाटा पृष्ठापासून साधारण ३ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेत ठरतो: तिथलं उथळ कन्व्हेक्शन (हवेचं कमी उंचीपर्यंतचं वर-खाली होणं) दमट हवा किती वर नेतं आणि कोरडी हवा किती खाली आणतं यावर. पंचाईत अशी की ही मिसळण समुद्रापर्यंत तीन वेगळ्या वाटांनी पोचते आणि त्या एकाच दिशेला ढकलत नाहीत. त्या सुट्या केल्याशिवाय एसएसटीच्या नकाशावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

तीन वाटा, आकड्यांसकट

पहिली वाट बाष्पीभवनाची. मिसळण वाढली की पृष्ठालगतची हवा कोरडी होते, बाष्पीभवन वाढतं, समुद्र गार होतो. किती, ते हाताने काढता येतं. बाष्पीभवनाचा उष्माप्रवाह म्हणजे हवेची घनता, पाण्याची अप्रकट उष्णता, विनिमय गुणांक, वाऱ्याचा वेग आणि पृष्ठ व हवा यांच्या विशिष्ट आर्द्रतेतला फरक यांचा गुणाकार. घनता १.२ किलो प्रति घनमीटर, अप्रकट उष्णता २५ लाख जूल प्रति किलो, गुणांक ०.००१२, वारा ७ मीटर प्रति सेकंद आणि आर्द्रतेचा फरक किलोमागे ५ ग्रॅम घेतला तर उत्तर सुमारे १२६ वॅट प्रति चौरस मीटर येतं. म्हणजे हवेत किलोमागे फक्त १ ग्रॅम बाष्प कमी झालं तर समुद्रातून २५ वॅट जादा निघून जातात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सतत लागेल.

दुसरी वाट उन्हाची. तीच कोरडी हवा खाली आली की इन्व्हर्जनखालचे (वरची हवा खालच्यापेक्षा गरम असते त्या थराखालचे) ढग विरळ होतात, ऊन जास्त पोचतं आणि समुद्र तापतो. पहिल्या वाटेच्या अगदी उलट. स्ट्रॅटोक्युम्युलसच्या (सलग पसरलेल्या खालच्या ढगांच्या) प्रदेशात ही वाट वरचढ ठरते. व्यापारी वाऱ्यांतल्या विखुरलेल्या कापशी ढगांखाली दोन्हींची रस्सीखेच चालते.

तिसरी वाट वाऱ्याची, आणि ती दूरवर जाते. ७०० हेक्टोपास्कल दाबाच्या (साधारण ३ किलोमीटर उंचीच्या) आसपास हवा किती दमट आहे यावर खोल कन्व्हेक्शन कुठे उभं राहणार ते ठरतं. पाऊस जागेवरून हलला की दाबाचा उतार बदलतो, व्यापारी वारे बदलतात, विषुववृत्तावर खालून वर येणारं गार पाणी बदलतं. पॅसिफिकच्या गार जिभेत शेवटी हीच वाट सगळ्यात मोठी होते, पण ती सुरू व्हायला काही महिने लागतात. निदानाची सगळी युक्ती या उशिरावर उभी आहे.

समुद्राचा वेग असा: ५० मीटर जाडीच्या वरच्या थराची उष्माधारकता सुमारे २० कोटी जूल प्रति चौरस मीटर प्रति केल्विन. १० वॅटची चूक त्याला महिन्याला ०.१३ अंश हलवते. विरोध करणारं काहीच नसेल तर वर्षाला दीड अंश. विरोध मात्र असतोच. हवा आहे तशी धरून फक्त पाणी १ अंशाने तापवलं तर वरच्या गणितात बाष्पीभवन सुमारे ३५ वॅटने वाढतं, म्हणजे १० वॅटच्या चुकीला ०.३ अंशात लगाम बसतो. प्रत्यक्षात हवाही मागोमाग तापते. सापेक्ष आर्द्रता तशीच राहिली तर बाष्पीभवन अंशाला ६–७ टक्केच, म्हणजे जेमतेम ८ वॅटने वाढतं, आणि तीच १० वॅटची चूक सव्वा अंशापर्यंत जाते. तुमच्या मॉडेलचं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असेल. ते कुठे, हे हवेच्या मिसळणीवरच ठरतं.

डेटा गोळा करताना

सीएमआयपी६ (जगभरच्या हवामान मॉडेलांच्या तुलनेचा प्रकल्प) मधून एकाच मॉडेलच्या दोन धावा घ्या. एक एएमआयपी, म्हणजे ज्यात एसएसटी निरीक्षणांतून दिलेली असते. दुसरी 'हिस्टॉरिकल', म्हणजे जोडलेला समुद्र असलेली. काळ दोन्हींचा एकच ठेवा: १९७९ ते २०१४. मासिक चलं पुरतात: टीओएस (एसएसटी), टीए (हवेचं तापमान), एचयूआर (सापेक्ष आर्द्रता), डब्ल्यूएपी (हवेचा उभा वेग), एचयूएसएस (पृष्ठालगतची विशिष्ट आर्द्रता), एसएफसीविंड (पृष्ठालगतच्या वाऱ्याचा वेग), एचएफएलएस (बाष्पीभवनाचा उष्माप्रवाह), एचएफएसएस (सरळ उष्णतेचा प्रवाह), पीआर (पाऊस), टीएयूयू (वाऱ्याचा पूर्व-पश्चिम ताण), पृष्ठावरची चारही प्रारणं आणि निरभ्र आकाशाचं आरएसडीएससीएस (ढग नसते तर पृष्ठावर पोचलं असतं ते ऊन). तुलनेसाठी ईआरए५ (पुनर्विश्लेषण, म्हणजे निरीक्षणं मॉडेलमध्ये मिसळून बनवलेला डेटा), ओआयएसएसटी (निरीक्षणांतली एसएसटी) आणि सेरीस-ईबीएएफ (उपग्रहांवरून काढलेली प्रारणं). पृष्ठप्रवाहांसाठी एकट्या पुनर्विश्लेषणावर विसंबू नका. पॅसिफिकमधले टाओ, अटलांटिकमधले पिराटा आणि हिंदी महासागरातले रामा हे तरंगते बॉय जोडीला ठेवा, कारण ईआरए५ मधलं बाष्पीभवनही शेवटी एका मॉडेलनेच काढलेलं असतं.

इथे होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. टीओएस समुद्राच्या वाकड्या जाळीवर असतं. ते क्षेत्र राखणाऱ्या पद्धतीने १ अंशाच्या जाळीवर आणा, नाहीतर किनाऱ्यालगतचे आकडे जमिनीच्या रिकाम्या चौकटींनी बिघडतात आणि पेरूचा डाग नेमका किनाऱ्यालाच असतो. टीओएस सेल्सियसमध्ये येतं, टीएस (पृष्ठाचं तापमान) केल्विनमध्ये. एचएफएलएस वरच्या दिशेने धन, तर डब्ल्यूएपी खालच्या दिशेने धन. सगळ्यात फसवी चूक वाऱ्याची: मासिक यूएएस आणि व्हीएएस (वाऱ्याचे पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण घटक) यांच्यावरून वेग काढू नका. दिशा बदलणारे वारे सरासरीत एकमेकांना खातात. उबदार पाण्याच्या पश्चिम पॅसिफिकमध्ये असा वेग खऱ्यापेक्षा बराच कमी दिसतो आणि बाष्पीभवनाचं सगळं गणित कोसळतं. एसएफसीविंडच वापरा.

चौकटी आधी ठरवून लिहून ठेवा, निकाल पाहून बदलू नका. गार जिभेसाठी निन्यो-४ (५° उ. ते ५° द., १६०° पू. ते १५०° प.) आणि निन्यो-३ (तेच अक्षांश, १५०° ते ९०° प.). स्ट्रॅटोक्युम्युलससाठी पेरूजवळ १०°–२०° द., ८०°–९०° प. आणि नामिबियाजवळ १०°–२०° द., ०°–१०° पू. दुसऱ्या पर्जन्यपट्ट्यासाठी ०°–२०° द., १००°–१५०° प.

मिसळण मोजणं

स्टीव्हन शेरवूड, सँड्रीन बोनी आणि जाँ-लुई दुफ्रेन यांनी २०१४ मध्ये मांडलेला निर्देशांक यासाठी सोयीचा आहे. त्यांनी ४३ मॉडेलं पाहिली आणि मॉडेलांच्या हवामान-संवेदनशीलतेतल्या (कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर मॉडेल किती अंश तापतं त्यातल्या) फरकाचा जवळजवळ निम्मा भाग या एका मापाशी जुळतो असं दाखवलं. आपल्याला तो इथे एसएसटीसाठी वापरायचा आहे.

त्याचे दोन भाग. पहिला, एस, छोट्या प्रमाणावरची मिसळण सांगतो. उष्णकटिबंधीय समुद्रावर जिथे हवा सगळ्यात जोरात वर चढते तो वरचा चतुर्थांश भाग ५०० हेक्टोपास्कलच्या वार्षिक डब्ल्यूएपीवरून निवडा. त्या भागात ७०० आणि ८५० मधला सापेक्ष आर्द्रतेचा फरक आणि तापमानाचा फरक काढा, दोन्ही '७०० वजा ८५०' असे. मग आर्द्रतेचा फरक भागिले १००, त्यातून तापमानाचा फरक भागिले ९ वजा करा आणि आलेल्याला २ ने भागा. उदाहरणार्थ आर्द्रतेचा फरक उणे १० टक्के आणि तापमानाचा उणे ८.५ केल्विन असेल तर एस सुमारे ०.४२ येतो. एस जितका मोठा तितकी मिसळण जास्त.

दुसरा भाग, डी, मोठ्या प्रमाणावरच्या उथळ अभिसरणाचा. ८५० आणि ७०० च्या डब्ल्यूएपीची सरासरी 'खालची', ६००, ५०० आणि ४०० ची सरासरी 'वरची'. १६०° प. ते ३०° पू. आणि ३०° उ. ते ३०° द. एवढ्या समुद्रावर जिथे खालची हवा वर चढते पण वर जाता जाता चढ कमी होतो, तिथे 'वरची वजा खालची' यांची बेरीज घ्या. तिला, जिथे वरची हवा चढते तिथल्या चढाच्या बेरजेने भागा. मासिक क्षेत्रांवरच हे करा. वार्षिक सरासरीत ऋतूंची चढती आणि उतरती हवा एकमेकींना पुसून टाकते. जमिनीच्या चौकटी काढायला विसरू नका, कारण अँडीजवर ८५० हेक्टोपास्कलची पातळी डोंगराच्या पोटात असते आणि तिथले आकडे कृत्रिम असतात.

एस मोजताना एक काळजी घ्या. जोडलेल्या धावेत एसएसटी आधीच चुकलेली असते, त्यामुळे चढत्या हवेचा भागही सरकलेला असतो. म्हणून मिसळणीचं मूळ माप एएमआयपी धावेतूनच काढा. दोन धावांमधल्या एसचा फरक ही वेगळी माहिती आहे: समुद्राने परत हवेला किती ढकललं त्याची.

उष्म्याचा हिशेब फोडणं

आता प्रत्येक चौकटीत पृष्ठावरच्या निव्वळ उष्म्याची चूक चार घटकांत मांडा: ऊन, दीर्घलहरी, बाष्पीभवन, सरळ उष्णता. शेवटचा घटक या समुद्रांवर १० वॅटच्या आसपास असतो, त्यावर वेळ घालवू नका. बाष्पीभवन मात्र पुढे फोडायचं आहे: वाऱ्यामुळे किती, पृष्ठाच्या संपृक्त आर्द्रतेमुळे किती आणि हवेच्या कोरडेपणामुळे किती. एकेक घटक बदलून बाकीचे निरीक्षणांइतके धरा. समजा हवा किलोमागे ०.६ ग्रॅमने कोरडी आहे आणि वारा सेकंदाला अर्धा मीटर जास्त. ७ मीटर वारा आणि ५ ग्रॅम फरक या आधारावर पहिल्याचे १५ वॅट होतात, दुसऱ्याचे ९. अशा वेळी मिसळण हा पहिला संशयित, वारा दुसरा.

हे फोडणं एएमआयपी धावेत जास्त बोलकं असतं. तिथे एसएसटी बरोबर असल्यामुळे पृष्ठाची आर्द्रता जवळपास बरोबरच येते आणि उरलेली चूक थेट हवेची असते. जोडलेल्या धावेत समुद्र स्वतःला अशा तापमानावर नेऊन ठेवतो जिथे निव्वळ प्रवाह पुन्हा जुळतो. तिथे प्रवाहांत चूक दिसत नाही म्हणून हवेला निर्दोष ठरवणं ही नवख्यांची सगळ्यात सामान्य गफलत. चूक प्रवाहातून निघून तापमानात जाऊन बसलेली असते.

उन्हाच्या बाजूला आरएसडीएसमधून (पृष्ठावर पोचणाऱ्या उन्हातून) आरएसडीएससीएस वजा करून ढगांचा परिणाम काढा. पेरू आणि नामिबियाच्या चौकटीत ७०० हेक्टोपास्कल आणि पृष्ठ यांच्या पोटेन्शियल तापमानातला (हवा एकाच दाबाला आणली तर येईल त्या तापमानातला) फरकही, म्हणजे स्थिरता, काढा. क्लाइन आणि हार्टमन यांनी १९९३ मध्ये दाखवलं की हा फरक १ केल्विनने वाढला की तिथलं खालच्या स्तरी ढगांचं आच्छादन सुमारे ६ टक्क्यांनी वाढतं. तुमच्या मॉडेलमध्ये स्थिरता बरोबर असून ढग कमी असतील तर दोष मिसळणीत किंवा ढगांच्या योजनेत आहे. स्थिरताच कमी असेल तर आधी पाणी गरम का झालं ते पाहा. किनाऱ्यालगतचा वारा आणि अपवेलिंग (खालचं गार पाणी वर येणं) जाड जाळीत हमखास कमजोर पडतात.

काळाच्या क्रमाने लावणं

तीन वाटा सुट्या करण्याचं उत्तम साधन म्हणजे निरीक्षणांपासून सुरू केलेल्या छोट्या जोडलेल्या धावा. वेगवेगळ्या वर्षांतल्या किमान १० आरंभ-तारखा घ्या, प्रत्येक १२ महिने चालवा, सरासरी काढा. पहिल्या ५ दिवसांत पृष्ठालगतची आर्द्रता आणि ढग आपल्या चुकीच्या जागी जातात. ही शुद्ध मिसळणीची सही. पहिल्या एक-दोन महिन्यांत एसएसटी उष्म्याच्या चुकीप्रमाणे सरळ रेषेत सरकते, आणि तिचा उतार वरच्या ०.१३ च्या गणिताशी ताडून पाहता येतो. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात वाऱ्याचा ताण आणि थर्मोक्लाइन (वरचं गरम आणि खालचं गार पाणी यांच्यामधला थर) बदलायला लागले की विषुववृत्तावर रेषा अचानक वाकते. तिथून पुढे दिसणारं गारठणं हे समुद्राच्या हालचालीचं. ते मिसळणीच्या खात्यावर थेट मांडू नका. मूळ धक्का मात्र तिचा असू शकतो.

पॅरामीटर हलवून पाहणं

संशय पक्का झाला की एक पॅरामीटर हलवा. आधी एका स्तंभाच्या मॉडेलवर (ज्यात हवेचा एकच उभा खांब असतो). बोमेक्स (१९६९, बार्बाडोसजवळ) आणि रिको (२००४–०५, कॅरिबियन) ही कापशी ढगांची प्रमाणित प्रकरणं, डायकॉम्स-२ हे कॅलिफोर्नियासमोरच्या स्ट्रॅटोक्युम्युलसचं. इथे एक बारकावा निर्णायक आहे. बोमेक्समध्ये पृष्ठप्रवाह बांधून दिलेले असतात, त्यामुळे मिसळण कितीही वाढवली तरी बाष्पीभवन हलतच नाही. आपल्याला हव्या त्या वाटेसाठी रिको घ्या. तिथे एसएसटी २९९.८ केल्विन बांधलेली असते आणि प्रवाह हवेप्रमाणे बदलतात.

एन्ट्रेनमेंट, म्हणजे वर चढणाऱ्या हवेत बाजूची हवा किती ओढली जाते तो दर, हा पहिला उमेदवार. तो निम्मा आणि दुप्पट करून पाहा. ५–१० टक्क्यांनी हलवला तर परिणाम गोंगाटात बुडतो. हा दर किती ताकदवान आहे याचं उदाहरण एमपीआय-ईएसएम १.२ या हवामान मॉडेलचं आहे. त्याच्या मधल्या आवृत्तीची संवेदनशीलता ७ अंशांच्या आसपास गेली होती. हॅम्बुर्गच्या गटाने ती ३ अंशांच्या जवळ आणली, त्यात उथळ कन्व्हेक्शनचा एन्ट्रेनमेंट दर दहापट, मीटरमागे ०.०००३ वरून ०.००३, करणं हा मुख्य बदल होता.

उथळ कन्व्हेक्शनची योजना सरळ बंद करून पाहण्याचा मोह टाळा. ती बंद केली की तिचं काम खोल कन्व्हेक्शनची योजना किंवा जाळीवरची हवा स्वतः करायला लागते, आणि तुम्ही मिसळण कमी न करता फक्त तिचा कारागीर बदललेला असतो. 'स्पूकी' या तुलनात्मक प्रयोगात अनेक मॉडेलांची कन्व्हेक्शन योजना बंद केली, तरी त्यांच्या ढगांच्या प्रतिसादातले फरक मिटले नव्हते.

स्तंभानंतर एएमआयपी (५ वर्षं पुरे), मग ५० मीटरचा स्लॅब समुद्र, म्हणजे प्रवाह नसलेला एकच थर (३० वर्षं चालवा, पहिली १५ टाका) आणि शेवटी पूर्ण जोडलेली धाव. स्लॅबमध्ये क्यू-फ्लक्स (समुद्राच्या प्रवाहांऐवजी बांधून दिलेला उष्मा) मूळ धावेचाच ठेवा. बदललेल्या पॅरामीटरसाठी तो नव्याने काढलात तर तो फरक आपोआप भरून काढतो आणि एसएसटीत काहीच हललं नाही असं दिसतं. स्लॅबमध्ये समुद्राचे प्रवाह बदलू शकत नाहीत, म्हणून स्लॅब आणि जोडलेल्या धावेतला फरक म्हणजेच तिसऱ्या वाटेचा समुद्री हिस्सा. स्लॅब गार होत नाही पण जोडलेली धाव होते, असं दिसलं तर उत्तर मिळालं.

जोडलेल्या धावेत दोन गोष्टी घात करतात. एक, पॅरामीटर हलवला की वातावरणाच्या माथ्यावरचा ताळेबंदही हलतो आणि सगळा समुद्र सावकाश एका दिशेला सरकतो. त्यामुळे प्रत्येक चौकटीतून ३०° उ. ते ३०° द. ची सरासरी वजा करून फक्त नक्षी पाहा. दोन, एल निन्योचा गोंगाट. निन्यो-३.४ (मध्य विषुववृत्तीय पॅसिफिकची चौकट) चं वार्षिक विचलन ०.८५ अंश धरलं आणि २० वर्षांत साधारण १० स्वतंत्र नमुने मिळाले तर सरासरीची अनिश्चितता ०.२७ अंश येते. २० वर्षांच्या धावेतला ०.२ अंशाचा 'सुधार' म्हणजे काहीच नाही.

आणि एसएसटी सुधारली एवढ्यावर पॅरामीटर स्वीकारू नका. २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत बार्बाडोसजवळ झालेल्या युरेक-फोर-ए मोहिमेत विमानातून सोडलेल्या ड्रॉपसाँडच्या (खाली पडताना हवा मोजणाऱ्या उपकरणांच्या) मोजणीत असं दिसलं की मिसळण वाढली तरी ढगांच्या तळाशी ढग घटत नाहीत. कित्येक मॉडेलं नेमकं उलट करतात. तुमचा नवा पॅरामीटर एसएसटी सुधारत असेल पण ढग आणि मिसळण यांचं नातं या मोजणीविरुद्ध नेत असेल, तर एक चूक दुसरीने झाकली गेली आहे.

अरबी समुद्रावर वापरताना

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचं आयआयटीएम-ईएसएम आणि मान्सूनच्या अंदाजासाठी वापरलेलं सीएफएसव्ही२ ही एकाच घराण्यातली मॉडेलं. सीएफएसव्ही२ मध्ये उष्णकटिबंधीय हिंदी महासागर गार पडण्याची खोड नोंदलेली आहे. ती आपल्यासाठी महत्त्वाची, कारण उत्तर अरबी समुद्र वसंतात गार राहिला तर मान्सूनला मिळणारं बाष्प कमी होतं आणि मॉडेलमधला पाऊस घटतो. पण पॅसिफिकची पद्धत इथे डोळे झाकून लावू नका. हिवाळ्यात या समुद्रावर ईशान्येकडून जमिनीवरची गार, कोरडी हवा येते. मॉडेलमध्ये ती जमीनच जास्त गार असेल तर समुद्र गारठतो, उथळ कन्व्हेक्शन कितीही बरोबर असलं तरी.

तपासणी सोपी आहे. जानेवारी-फेब्रुवारीच्या एएमआयपी धावेत एचयूएसएस आणि पृष्ठालगतच्या तापमानाची चूक सिंध-बलुचिस्तानच्या किनाऱ्यापासून दक्षिणेकडे १०° उ. पर्यंत एका पट्ट्यात काढा. चूक किनाऱ्यावर सर्वांत मोठी आणि दक्षिणेकडे विरत जाणारी असेल तर ती जमिनीवरून आलेली आहे. किनाऱ्यावर लहान आणि खुल्या समुद्रावर वाढत जाणारी असेल तर मिसळणीकडे वळा, आणि रिकोच्या स्तंभापासून सुरुवात करा. जून ते ऑगस्टचे महिने या तपासात घेऊ नका. तेव्हा सोमाली किनाऱ्यावरचा जोरदार वारा आणि अपवेलिंग बाकी सगळं झाकून टाकतात.